चकती, बाटली आणि अळी

नदीचं पाणी तपासायला निघालेल्या मुलांच्या पिशवीतलं सामान साधारण ठरलेलं असतं. दोरीला बांधलेली काळी-पांढरी चकती, काचेच्या बुचाच्या बाटल्या, दोन-तीन रसायनांच्या कुप्या, पीएचच्या पट्ट्या, तापमापी, बारीक जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि नोंदवही. शाळा-कॉलेजांत याला ‘उपक्रम’ म्हणतात. त्याला गुण असतात, त्याचे फोटो निघतात. पण या पिशवीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू फार लांबून आली आहे. एक पोपच्या जहाजावरून समुद्रात सोडली गेली होती, दुसरी बुडापेस्टच्या एका तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या टेबलावर तयार झाली, तिसरीचा जन्म बिअरच्या कारखान्यातला. विद्यार्थ्यांसाठी म्हणून यांतलं काहीच घडवलेलं नव्हतं. ते त्यांच्या हातात कसं आलं याचा मागोवा घेताना एक प्रश्न सारखा आडवा येतो: नदी घाण झाली आहे असं सांगण्याचा हक्क कुणाचा, आणि सांगितलं तर ते ऐकून घेण्याचं काम कुणाचं?

माझ्या मते या गोष्टीचा आरंभ फाडलेल्या कार्डांपासून होतो. ७ जुलै १८५५ रोजी मायकेल फॅरेडे लंडनमध्ये आगबोटीनं टेम्स नदीतून चालले होते. वय ६३. विजेवरचं आणि चुंबकत्वावरचं त्यांचं काम जगभर पोचलेलं होतं. टेम्सची देखरेख हे मात्र त्यांचं काम नव्हतं, तसं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. ओहोटीची वेळ होती आणि नदीभर फिकट तपकिरी, गढूळ द्रव पसरला होता. फॅरेडेंनी काही पांढरी कार्डं फाडून तुकडे केले, लवकर बुडावेत म्हणून ते ओले केले, आणि बोट ज्या ज्या धक्क्याला लागली तिथे ते पाण्यात टाकले. ऊन लख्ख होतं. तरीही तुकडा इंचभर खाली जायच्या आत दिसेनासा होत होता. एखादा उभा पडला तर त्याची वरची कड पाण्याबाहेर असतानाच खालची कड गडप झालेली असे. हे सगळं त्यांनी ‘टाइम्स’ वृत्तपत्राला पत्र लिहून कळवलं.

या पत्रात आजच्या स्वयंसेवी तपासणीची सगळी अंगं आहेत. वस्तू एकच, पांढरा कागद. जागा ठरलेल्या, म्हणजे बोटीचे धक्के. प्रत्येक ठिकाणी कृती तीच. दिवस, वेळ, भरती-ओहोटी, ऊन यांची नोंद. आणि निष्कर्ष खाजगी वहीत न ठेवता चारचौघांत मांडलेला. कुणीही दुसऱ्या दिवशी जाऊन तोच प्रयोग करून पाहू शकला असता, हे त्याचं खरं बळ. ‘पंच’ साप्ताहिकानं त्यावर व्यंगचित्र काढलं: फॅरेडे नाक दाबून टेम्सबाबांना आपलं कार्ड देत आहेत. चर्चा झाली, पण नदी होती तशीच राहिली. १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी इतकी वाढली की नदीकाठच्या संसदेत चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले, आणि मग मात्र १८ दिवसांत गटारांसाठीचा कायदा मंजूर झाला. पत्रानं तीन वर्षांत जे झालं नाही ते वासानं तीन आठवड्यांत झालं. साक्ष अचूक असणं आणि ती ऐकली जाणं यांतली ही दरी पुढे जागोजागी भेटते, म्हणून तिची इथेच नोंद करून ठेवतो.

फॅरेडेंच्या कार्डाला शिस्त लावली ती दहा वर्षांनी एका जेझुइट धर्मगुरूनं. अँजेलो सेकी हे रोमच्या वेधशाळेचे प्रमुख, मूळचे खगोलशास्त्रज्ञ. पोपच्या नौदलाचे प्रमुख अलेस्सांद्रो चाल्दी यांना समुद्राची पारदर्शकता मोजायची होती. त्यांच्या आमंत्रणावरून एप्रिल १८६५ मध्ये सेकी ‘इम्माकोलाता कोंचेत्सिओने’ या जहाजावर गेले आणि वेगवेगळ्या आकारांच्या, रंगांच्या चकत्या समुद्रात सोडून त्या किती खोलीवर नजरेआड होतात हे मोजलं. जहाजाची सावली, सूर्याची उंची, पाहणारा पाण्यापासून किती वर उभा आहे, या सगळ्याचा विचार त्यांनी केला. पुढे १८९९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी चकतीचे चार भाग करून ते आळीपाळीनं काळे-पांढरे रंगवले. वीस सेंटिमीटर व्यासाची ती चकती तेव्हापासून तशीच आहे. तिला वीज लागत नाही, रसायन लागत नाही, आणि वर्षानुवर्षं वापरली तरी तिचं माप बदलत नाही. १९७३ मध्ये मिनेसोटात तळ्याकाठी राहणाऱ्या नागरिकांच्या हाती तीच चकती देऊन नोंदी घेणं सुरू झालं. १९९४ पासून तर उत्तर अमेरिकेत दरवर्षी ठरावीक काळात शेकडो स्वयंसेवकांनी आपापल्या तळ्यात चकती बुडवण्याची प्रथाच पडली.

आपल्या उथळ नद्यांना ही चकती तशी अपुरी पडते. मे महिन्यात गुडघाभर पाण्यात ती तळाशी टेकते तरी दिसतच राहते, आणि पाणी स्वच्छ असल्याचा भास होतो. त्यासाठी हल्ली उभी पारदर्शक नळी वापरतात. तिच्या तळाशी छोटी चकती असते, नळीत नदीचं पाणी भरून वरून पाहायचं आणि चकती दिसेपर्यंत पाणी कमी करत जायचं. तत्त्व तेच, फॅरेडेंचं. पण पारदर्शकता म्हणजे शुद्धता नव्हे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. आम्लाचं पाणी काचेसारखं नितळ असू शकतं. पावसाळ्यात सह्याद्रीतली निरोगी नदीही लाल गढूळ होते, आणि तो तिचा दोष नव्हे.

नितळ पाण्यात जीव तग धरेल की नाही हे सांगायला बाटली लागते. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आजही आपल्या बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत आहे आणि मला ती या सगळ्या पिशवीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची. त्यात मँगनीजचं क्षार-द्रावण आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल घालायचं, साका विरघळतो आणि ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळं होतं. त्यात थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, शेवटी स्टार्च टाकून निळा रंग आणायचा आणि तो निळा रंग ज्या थेंबाला जातो तो थेंब टिपायचा. शहराच्या वरच्या अंगाची बाटली तपकिरी आणि खालच्या अंगाची पांढरी, अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर मुलांना वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

ऑक्सिजनच्या आकड्याला तापमानाची सोबत हवीच. २० अंश सेल्सियसला पाणी लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवू शकतं, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे एप्रिलमधल्या भीमेला थंड देशातल्या नदीपेक्षा मुळातच कमी शिधा मिळतो, आणि तेवढ्यावर तिला शहरांचं सांडपाणी पचवायचं असतं. स्नानयोग्य पाण्यासाठी आपल्याकडे किमान ५ मिलिग्रॅमची अट आहे.

विंकलरच्या बाटलीतूनच बीओडी हा सध्या रोजच्या वर्तमानपत्रात दिसणारा आकडा निघाला. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीवर १८९८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालानं ठरवलं की पाण्याचा नमुना ६५ अंश फॅरेनहाइटला पाच दिवस ठेवायचा आणि त्या काळात जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. जितकी भूक जास्त तितकी घाण जास्त. पाच दिवस का, याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं: ब्रिटनमधलं नदीचं पाणी उगमापासून समुद्रापर्यंत जायला त्याहून अधिक वेळ घेत नाही. तिथल्या हवेचं आणि तिथल्या नद्यांच्या लांबीचं माप असं एका चाचणीत कोरलं गेलं आणि ते जगभर गेलं. १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीचा विचार त्यात असण्याचं कारणच नव्हतं. भारतानं नंतर आपल्या हवामानाला धरून चाचणी बदलून घेतली: २७ अंश सेल्सियसला तीन दिवस. म्हणून परदेशी पुस्तिकेतली पाच दिवसांची कृती आणि आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा तीन दिवसांचा आकडा यांची तुलना करताना मुलांनी आधी तळटीप वाचावी. अनेक प्रकल्पवह्यांत इथेच गफलत झालेली दिसते.

पीएचची गोष्ट थोडक्यात. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी आणली. आंबवण्याच्या क्रियेत आम्लता नेमकी किती हे त्यांना हवं होतं. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला जमिनीचा ‘सामू’ तो हाच.

आता अळी. रसायनाची बाटली त्या क्षणाचं सांगते. कारखान्यानं रात्री दोन वाजता सांडपाणी सोडलं आणि सकाळी दहाला मुलं पोचली, तर बाटलीला काही कळत नाही. नदीच्या तळाशी दगडाला चिकटून राहणाऱ्या अळ्यांना मात्र रात्री दोनलाही तिथेच राहावं लागतं. जे झालं ते त्यांच्या अंगावर झालेलं असतं. जर्मनीत रिचर्ड कोलक्विट्झ आणि मॅक्सिमिलियन मार्सन या दोघांनी १९०८ मध्ये वनस्पतींची आणि १९०९ मध्ये प्राण्यांची यादी देऊन कोणता जीव किती सडलेल्या पाण्यात सापडतो याची प्रतवारी लावली. पुढे ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये नेमलेल्या एका गटानं ती फार सोपी केली: प्रत्येक जीवाची नेमकी जात ओळखण्याची गरज नाही, कुळ ओळखलं तरी पुरे. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण. स्वच्छ, खळाळत्या, ऑक्सिजननं भरलेल्या पाण्याशिवाय न जगणाऱ्या स्टोनफ्लायच्या आणि अनेक मेफ्लायच्या पिलांना १०. चिलटासारख्या दिसणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या, गाळात वळवळणाऱ्या अळ्यांना २. गांडुळाच्या जातकुळीतल्या गाळकृमींना १. सापडलेल्या कुळांच्या गुणांची बेरीज करायची.

गंमत अशी की मुलांनी हे त्याआधीच केलं होतं. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅडव्हायझरी सेंटर फॉर एज्युकेशन’ ही संस्था आणि ‘संडे टाइम्स’ वृत्तपत्र यांनी मिळून शाळकरी मुलांकडून देशभरच्या ओढ्यानद्यांची पाहणी करून घेतली. हजारो मुलं जाळी घेऊन पाण्यात उतरली आणि कुठे स्टोनफ्लाय, कुठे गोड्या पाण्यातली कोळंबी, कुठे नुसते लाल किडे याच्या नोंदी पाठवत राहिली. त्या मोहिमेवर आणि तिच्यामागून झालेल्या हवेच्या पाहणीवर रिचर्ड मेबी यांनी १९७४ मध्ये पुस्तकही लिहिलं. मोठ्यांची सोपी गुणपद्धती आली ती नंतर.

ही यादी जशीच्या तशी उचलून सह्याद्रीत वापरता येत नाही. स्टोनफ्लाय हा थंड पाण्याचा जीव, आपल्याकडे त्याची विविधता कमी. त्यामुळे तो सापडला नाही म्हणून कोयनेच्या एखाद्या उगमाकडच्या ओढ्याला नापास करणं चूक ठरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं भारतीय नद्यांसाठी जैविक निकष वेगळे बांधले, त्यांत गुणांची बेरीज आणि जीवांची विविधता या दोन्ही गोष्टी पाहून पाण्याला ‘अ’ ते ‘ई’ असे वर्ग देतात. दक्षिण आफ्रिकेनं याहून पुढची पायरी गाठली. तिथल्या तज्ज्ञांच्या पद्धतीतून ‘मिनीसास’ नावाची तेरा गटांची छोटी आवृत्ती निघाली, जी शाळकरी मूल चित्रं पाहून वापरू शकतं. आपल्या प्रत्येक खोऱ्यासाठी अशी मराठीत, स्थानिक जीवांच्या चित्रांसह पत्रिका असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांच्या आवाक्यातलं ते काम आहे.

वस्तू तयार होत्या. त्या लोकांच्या हाती जायला अमेरिकेतली जळती नदी कारणीभूत झाली असं बहुतेक इतिहास सांगतात. जून १९६९ मध्ये ओहायोतली कायाहोगा नदी तेलाच्या तवंगामुळे पेटली, १९७२ मध्ये तिथे कडक जलकायदा आला. हे खरंच. पण त्याच १९६९ मध्ये ‘आयझॅक वॉल्टन लीग’ या मासेमारांच्या संघटनेनं ‘आपले ओढे वाचवा’ अशी मोहीम सुरू केली होती. १९२२ मध्ये शिकागोत जन्मलेली ही संघटना गळ टाकून मासे धरणाऱ्या हौशी लोकांची. कोणत्या अळ्या माशांना आवडतात आणि त्या कधी नाहीशा झाल्या, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होतं. ब्रिटनमध्येही पुढे नदीतल्या अळ्यांवर नियमित नजर ठेवायला गळवालेच पुढे आले. आपल्याकडे भोई आणि कोळी समाजाकडे हे ज्ञान पूर्वापार आहे. कुठल्या डोहात कोणता मासा होता आणि कधीपासून नाही, हे ते अचूक सांगतात. नदी तपासणीच्या आपल्या कोणत्याही कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या ओट्यावर बसून व्हायला हवी होती. ती प्रयोगशाळेतून झाली.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत कलाटणी मिळाली ती १९८४ मध्ये, मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावी. ह्यूरॉन नदीत शिडाच्या फळीवरून खेळणाऱ्या काही शाळकरी मुलांना कावीळ झाली. हिपॅटायटिस ए. मुलांनी विचारलं, नदीमुळे झाली का? शिक्षकांनी जवळच्या मिशिगन विद्यापीठातल्या विल्यम स्टॅप यांना बोलावलं. स्टॅप म्हणजे युनेस्कोच्या पर्यावरण शिक्षण कार्यक्रमाचे पहिले संचालक. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, मुलांना नमुने घ्यायला शिकवलं. विष्ठेतले जंतू प्रमाणाबाहेर निघाले. मुलं तो आकडा घेऊन नगर प्रशासनाकडे गेली. पुढे १९८७ मध्ये डेट्रॉइटच्या रूज नदीकाठच्या अनेक शाळांनी एकत्र येऊन एकाच वेळी नमुने घेतले आणि संगणकाच्या जाळ्यावरून एकमेकांना आकडे कळवले. गोऱ्या उपनगरांतल्या आणि काळ्या वस्त्यांतल्या मुलांनी एकाच नदीचे वरचे आणि खालचे आकडे समोरासमोर ठेवले, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. १९८९ मध्ये त्यातून ‘ग्रीन’ हे जागतिक जाळं उभं राहिलं. स्टॅप आणि मार्क मिचेल यांची तपासणी-पुस्तिका कित्येक देशांतल्या शिक्षकांच्या टेबलावर पोचली.

त्या पुस्तिकेत नऊ चाचण्या आहेत: विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठेतले जंतू, पीएच, बीओडी, तापमानातला फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा, एकूण घनपदार्थ. त्यांतून शंभरापैकी एक गुण काढायचा. हे सूत्र १९७० चं, अमेरिकेच्या ‘नॅशनल सॅनिटेशन फाउंडेशन’चं. १४२ जाणकारांना विचारून कशाला किती वजन द्यायचं ते ठरवलेलं: ऑक्सिजनला ०.१७, जंतूंना ०.१६, पीएच आणि बीओडीला प्रत्येकी ०.११, याप्रमाणे खाली.

आणि इथे महाराष्ट्राशी थेट धागा जुळतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या वार्षिक अहवालांत नद्यांची जी प्रत देतं, ती याच सूत्राची भारतीय आवृत्ती आहे. केंद्रीय मंडळानं त्यातल्या चारच चाचण्या ठेवून वजनं नव्यानं वाटली: ऑक्सिजन ०.३१, जंतू ०.२८, पीएच ०.२२, बीओडी ०.१९. गुण ६३ च्या वर गेले की पाणी चांगलं, ३८ च्या खाली आले की फार वाईट. म्हणजे मिशिगनमधल्या शाळकरी मुलांनी ज्या पद्धतीनं नदीला गुण दिले, त्याच घराण्यातल्या पद्धतीनं आपलं सरकारी मंडळ मुठा आणि मिठीला गुण देतं. मग सांगलीच्या किंवा नांदेडच्या कॉलेजातल्या मुलीनं त्याच पद्धतीनं, नीट काम करून काढलेला गुण कमी प्रतीचा ठरवण्याचं कारण काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी आपल्याकडे काय काय होतं ते पाहू, कारण ते थोडं नाही. नागपुरात १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, जिला १९७४ पासून आपण नीरी म्हणून ओळखतो. महाराष्ट्रानं केंद्राच्या १९७४ च्या जलकायद्याआधीच, १९६९ मध्ये, स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला मंडळ स्थापन केलं. अमेरिकेच्या त्या गाजलेल्या कायद्याच्याही आधी. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

साधनांतही आपली भर आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये विष्ठेच्या दूषितपणाची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पोषक द्रव मुरवलेला कागद असतो. पाणी भरून ती उबदार जागी रात्रभर ठेवायची. काळी पडली तर पाण्यात घाणीतले जंतू आहेत, कारण ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. उष्ण प्रदेशात उबवणी यंत्रही लागत नाही. प्रयोगशाळा नसलेल्या खेड्यासाठी केलेलं हे साधन पुढे अनेक देशांत गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये त्याचा स्वतंत्र आढावा घेतला. मर्यादाही स्पष्ट आहे. ही चाचणी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगते, त्यामुळे ती विहिरीला, नळाला उपयोगी. शहराखालच्या नदीत ती दरवेळी काळीच पडणार. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच महिलांना पाणी तपासणीचा संच वापरायला शिकवावं असं ठरलं, ते याच परंपरेतलं पुढचं पाऊल. फक्त तो संच नळाशी थांबतो. पाणी जिथून येतं त्या नदीपर्यंत जात नाही.

नदीपर्यंत गेलेली दोन भारतीय उदाहरणं विसरता येणार नाहीत. वाराणसीत वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि त्याच वेळी बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. रोज गंगेत बुडी मारणारा आणि तिच्यातले जंतू मोजणारा माणूस एकच होता. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन काढलं, नंतर तुळशी घाटावर स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. गंगा कृती योजना या सरकारी स्वच्छता मोहिमेचं कौतुक चालू असताना ही प्रयोगशाळा घाटाघाटांवरचे आकडे काढून दाखवत राहिली, आणि ते आकडे सरकारी दाव्यांशी जुळत नव्हते. दुसरं उदाहरण दिल्लीचं. तिथे १९९० च्या दशकात ‘डेव्हलपमेंट आल्टरनेटिव्ह्ज’ संस्थेनं स्वस्त तपासणी-संच बनवला आणि शाळांतल्या मुलांनी तो घेऊन यमुनेसह आसपासचं पाणी तपासलं.

महाराष्ट्रात मुलांचं काम बहुतेक दोन वाटांनी झालं. एक राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची, १९९३ पासूनची. दुसरी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झालेल्या पर्यावरण विषयाची. त्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचं पुस्तक पुण्याच्या इराच भरुचा यांनी लिहिलं, आणि त्यात नदीला किंवा एखाद्या प्रदूषित ठिकाणाला प्रत्यक्ष भेट देण्याचं काम नेमून दिलेलं आहे. कागदावर पाहिलं तर महाराष्ट्राइतके नदी तपासणारे तरुण जगात फार थोड्या ठिकाणी असतील. गणेश विसर्जनाआधी, त्या दिवशी आणि नंतर पाणी तपासण्याचे प्रकल्प तर जवळजवळ प्रत्येक नदीकाठच्या कॉलेजानं कधी ना कधी केले आहेत. पण प्रत्येक वर्षी नवी तुकडी, नवी जागा, नवी पद्धत. तोंडी परीक्षा झाली की वही रद्दीत. दरवर्षी शून्यापासून सुरू होणाऱ्या नोंदींतून नदीचा कल कधीच कळत नाही, आणि त्यामुळे त्या नोंदी कुणाला ऐकवण्याजोग्याही होत नाहीत.

वेगळा प्रयत्न पुण्यात दिसतो. ‘जीवितनदी’ ही संस्था २०१४ पासून मुळा-मुठेवर काम करते. नदीचा एकेक छोटा पट्टा स्थानिक लोकांनी दत्तक घ्यायचा आणि त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा जायचं, ही त्यांची रीत. विठ्ठलवाडीला आणि औंधला हे चाललं आहे. मला त्यातलं ‘पुन्हा पुन्हा’ महत्त्वाचं वाटतं. पुण्यातच त्याआधी प्रकाश गोळे यांनी मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. त्या नोंदींमुळे नदीतला बदल नुसती तक्रार न राहता दाखवता येण्याजोगा झाला.

नोंद ठेवणारा आणि ऐकणारा दोघे जागेवर असले की काय होतं, ते इंग्लंडमधल्या केनेट नदीवर दिसलं. तिथे गळवाल्या स्वयंसेवकांना तीन मिनिटं तळ ढवळून जाळीत आलेल्या आठ गटांतल्या जीवांची मोजणी शिकवलेली असते. प्रत्येक ठिकाणासाठी एक किमान गुण आधीच सरकारी पर्यावरण यंत्रणेशी बोलून ठरवलेला असतो. गुण त्याखाली गेला की फोन करायचा, आणि तो फोन घेणारा माणूस ठरलेला असतो. १ जुलै २०१३ रोजी मार्लबरो गावाजवळ नेहमीच्या मोजणीत जाळी जवळजवळ रिकामी आली. फोन गेला, यंत्रणेनं नमुने घेतले, आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक सांडपाण्यातून नदीत आल्याचं उघड झालं. सुमारे १५ किलोमीटरच्या पट्ट्यातले कीटक आणि कोळंबी मेली होती. पाणी दिसायला स्वच्छ होतं, मासे जिवंत होते. अळ्या मोजल्या नसत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता.

आपल्याकडे तो फोन घेणारा माणूस कायद्यात शोधावा लागतो. जलकायद्याचं कलम २१ सांगतं की सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा असेल तर तो मंडळाच्या अधिकाऱ्यानं, संबंधिताला सूचना देऊन, सीलबंद करून, ठरलेल्या रीतीनं घेतलेला असावा. मुलांची बाटली त्यात बसत नाही, आणि ही अट मुळात चुकीचीही नाही. कुणाच्याही बाटलीवरून कुणालाही शिक्षा होऊ नये. पण १९८८ च्या दुरुस्तीनं कलम ४९ मध्ये नागरिकासाठी वाट उघडली: मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोणीही व्यक्ती स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते, आणि तशी तक्रार केल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागू शकते. १९९२ च्या सुमारास केंद्रानं जिल्ह्याजिल्ह्यांत ‘पर्यावरण वाहिनी’ नावाचे स्वयंसेवकांचे गट नेमले होते, म्हणजे ऐकून घेण्याची एक चौकटही तयार झाली होती. ती विस्मरणात गेली. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात ती पुन्हा जिवंत करण्याची शिफारस केली, पण तो अहवाल पुढे बाजूला पडला, हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे.

केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत, त्यांतले ५५ महाराष्ट्रात, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. अ‍ॅन आर्बरच्या मुलांना कावीळ झाली त्यानंतर २८ वर्षांनी, २०१२ च्या उन्हाळ्यात, पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं गेली. एवढ्या पट्ट्यांवर रोज पोचणं मंडळाला शक्य नाही. त्याच्या नेहमीच्या नमुन्यांच्या तारखांमध्ये बरेच दिवस जातात आणि मासे त्या मधल्या दिवसांतच मरतात. त्या दिवसांची नोंद कॉलेजं ठेवू शकतात. त्यासाठी मंडळाच्या तपासणी केंद्राच्याच जागी उभं राहायचं, दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी. विंकलरची बाटली, तापमापी, पीएच आणि महिन्यातून एकदा जाळी, एवढ्यावर भागतं. वही विद्यार्थ्याची नव्हे, विभागाची. जाणाऱ्या तुकडीनं येणाऱ्या तुकडीला सही करून द्यायची. मंडळाचे आकडे संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, ते शेजारच्या रकान्यात उतरवून घ्यायचे. दोन्ही रकाने जिथे फारकत घेतील ती तारीख विभागप्रमुखांच्या सहीनं प्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी कळवायची आणि पत्राची पोच वहीत लावायची. ६० दिवसांच्या नोटिशीची वेळ आलीच, तर तिच्यासोबत जोडायला तोवर दोन-तीन वर्षांच्या तारखा हाताशी असतील.